डुमला पिवळा कळला नाही

"माणसाच्या बुद्धीपुढे विश्वातलं एकही गुपित आता टिकणार नाही!" असं अप्पाआजोबांनी जाहीर केलं आणि साखर समजून चहात दोन चमचे मीठ घातलं.

पहिल्या घोटानंतर ते थोडा वेळ काहीच जाहीर करू शकले नाहीत.

पण जाहीर करण्याचं कारण मोठं होतं. लोणारच्या विवराकाठी राहणाऱ्या या निवृत्त शास्त्रज्ञाने 'उमजयंत्र' (एकाला आलेला अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचवणारं यंत्र) पुरं केलं होतं. त्यांची नात हेमांगी त्याचीच वाट पाहत होती, कारण तिचा मित्र डुम आज संध्याकाळी आपल्या ग्रहावर परत जाणार होता.

डुम गुडघ्याएवढा, उपड्या हंड्यासारखा. त्याला डोळे नव्हते. आजूबाजूच्या वस्तूंचं चुंबकीय बळ (लोहचुंबकाची ओढ) जाणवून तो जग ओळखायचा. उन्हाळ्याची सुट्टी दोघांनी विवरात हिंडून घालवली. दुभाष्या यंत्रातून गप्पा उत्तम चालायच्या. एकदाच त्या अडल्या. हेमांगी म्हणाली, "बहावा बघ, किती पिवळा!" डुमने विचारलं, "पिवळा म्हणजे काय?"

"हळदीसारखा."

"हळदीला काहीच ओढ नाही गं," डुम नम्रपणे म्हणाला.

तेव्हाच तिने ठरवलं, डुमला निघताना पिवळा द्यायचा. आणि आजोबांनी शब्द दिला होता, "पोचवतो!"

यंत्राची एक टोपी हेमांगीच्या डोक्यावर बसली. दुसरी डुमवरून घसरायला लागली, तेव्हा आजोबांनी ती आपल्या पायजम्याच्या नाडीने बांधली. एका हाताने पायजमा धरून दुसऱ्याने त्यांनी कळ दाबली. हेमांगी अंगणातल्या बहाव्याकडे डोळे भरून पाहत राहिली.

"कळला!" डुम आनंदाने म्हणाला. "उत्तरेकडून एक हलका चिमटा. पिवळा म्हणजे चिमटा."

"नाही रे! चिमटा नाही!"

मग उलटं करून पाहिलं. डुमने विवरातला एक काळा खडा अंगाला चिकटवून आणला होता. त्याच्या मते अख्ख्या लोणारात त्याहून देखणं काही नव्हतं. यंत्रातून हेमांगीला एक करडा डाग दिसला. तिने तसं सांगितलं. डुमने खडा पुन्हा अंगाशी ओढून घेतला.

"आजोबा, यंत्र बिघडलंय. दुरुस्त करा ना! ऊन उतरायला लागलं."

आजोबांनी सगळ्या वायरी तपासल्या आणि पायरीवर बसले.

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, पोरी. यंत्र चोख आहे. आजी चकल्या कशात पाडते?"

"सोऱ्यात. पण आत्ता चकल्या कुठून आल्या?"

"सोऱ्याला चकलीची ताटली लावली की चकली पडते, शेवेची लावली की शेव. तू जन्मभर फक्त चकलीच पाहिलीस, तर पीठ कसं असतं सांगशील?"

"काटेरी असेल, असं वाटेल."

"बघ! आपलं मन हा तसा सोऱ्या. जग त्यातून रंग, जागा, वेळ अशा आकारातच बाहेर पडतं. डुमची ताटली वेगळी. माझं यंत्र तुझी चकली मोडून त्याच्या ताटलीतून काढतं. मग तिची शेवच होणार!"

हेमांगीने डोक्यावरची टोपी काढून पायरीवर ठेवली.

"अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपात प्रबोधनकाळ (कुणी सांगितलं म्हणून न मानता स्वतःच्या बुद्धीने तपासून पाहण्याचा काळ) होता. लोकांना वाटलं, बुद्धीला आता सगळं कळणार. तेव्हा एका तत्त्वज्ञाने बुद्धीलाच विचारलं, तू कुठवर जातेस? उत्तर आलं, वस्तू आपल्याला भासते तिथवर. वस्तुस्वरूपापर्यंत (आपल्याविना वस्तू मुळात जशी असेल त्यापर्यंत) नाही. कॉलेजात वाचलं होतं मी हे. मला वाटलं, त्याच्याकडे चांगल्या वायरी नसतील."

"म्हणजे डुमला पिवळा कधीच कळणार नाही?"

"नाही. मी शब्द द्यायला नको होता."

डुम जवळ सरकला. "हेमांगी, बहाव्यापाशी आलीस की तुझी बडबड थांबते. म्हणजे तिथे काहीतरी आहे, एवढं मला कळतं. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, आपल्याला सगळं कळलंय. मी सांगेन, नाही कळलेलं."

निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं असतं. डुमला हात नसल्यामुळे हेमांगीने ते त्याच्या टोपीवर ठेवलं. बहाव्याचा एक घोसही टोपीच्या नाडीत खोवून दिला. त्याने तिला खडा दिला. मग तो गेला.

तिने खडा उजेडात धरला, फिरवला, गालाला लावला. खडा खडाच राहिला. तिने तो मुठीत घट्ट धरला.

"आजोबा, नवी ताटली बनवता येते?"

"येते. दुर्बीण म्हणजे नवी ताटलीच. तिने पीठ हाती लागत नाही, पण कधी न पाहिलेली शेव पडते."

"मग मी बनवीन."

"बनव. फक्त आधी कुणाला शब्द देऊ नकोस." आजोबा उठू पाहत होते, पण तसेच परत बसले. "आणि आत्ता जरा आतून दुसरी नाडी आण. माझी डुमबरोबर गेली."