छान म्हणजे किती?

"ओनुल नालशिगा चोन्नेयो!"

चंदनबाला पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचत होती. तिनं वळून पाहिलं. फाटकाशी एम-ऐंशी गाडी थांबवून एक तरुण हसत होता.

"काय म्हणालात?"

"कोरियन आहे, मॅडम. आज हवा छान आहे, नाही का – असं."

"छान म्हणजे किती?"

तो गडबडलाच. तिनं मात्र शांतपणे फळ्यावर लिहिलं – अठरा अंश, आर्द्रता सत्तर टक्के. सांगलीतल्या द्राक्ष बागायतदार संघात रोज साडेआठला नोंद घेणं ही तिची बी.एस्सी. नंतरची पहिली नोकरी. दव पडलं की नाही, यावर लोकांची फवारणी ठरायची. तिथं 'छान' या शब्दाचा काय उपयोग?

तो अजितकुमार. कुपवाडच्या कारखान्यात डिप्लोमा इंजिनिअर. कोरियाहून नवं यंत्र आलं होतं; ते बसवायला एप्रिलमध्ये पार्कसाहेब येणार होते. त्यांच्याशी ज्याचं जमेल, त्याला सहा महिने कोरियात प्रशिक्षण! अजितकडच्या पुस्तकाचा पहिला धडा होता – हवेच्या गप्पा.

"कारखान्यात कुणी ऐकून घेत न्हाई हो. मालक म्हणतात, आधी मराठी नीट बोल."

तिला हसू आलं. मग रोज साडेआठला दोन मिनिटं... पुढे दहा.

"याचं उत्तर काय द्यायचं?" तिनं एकदा विचारलं.

"ने, गुरोनेयो. हो ना, खरंच."

"एवढंच? यातून माहिती काय मिळाली?"

"माहिती न्हाई मिळत," तो तिच्याकडे बघत म्हणाला, "माणूस मिळतो."

तिला ते पटलं नाही. त्याच्या पुस्तकातले कोरियन आकडेच तिनं त्याच्याकडून घोटून घेतले.

एप्रिलमधल्या एका दुपारी, भलत्याच वेळी, एम-ऐंशी आली.

"सकाळी पार्कसाहेब कारखान्याच्या फाटकातच म्हणाले, हवा छान आहे. मी म्हटलं – पंचवीस अंश, आर्द्रता साठ टक्के, फवारणीची गरज नाही!"

"अगं बाई! मग?"

"लय हसले. दुपारपर्यंत हसत होते... आणि माझंच नाव दिलं."

तिची पेन्सिल थांबली. हेच तर हवं होतं तिला. पण सहा महिने – म्हणजे साडेआठच्या एकशे ऐंशी नोंदी, आणि फाटकाशी कुणी नाही. आत्ता बोलली नाही, तर मग कधी?

"ओनुल... नालशिगा चोन्नेयो," ती हळूच म्हणाली.

अजितनं तापमापकाकडे पाहिलं. एकोणचाळीस. वाऱ्याचा पत्ता नव्हता, रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं...

"ने," तो म्हणाला. "गुरोनेयो."

मग त्यानं गाडी स्टँडवर लावली.

"जायच्या आधी तुमच्या घरी येऊ? आई-आप्पांना घेऊन?"

"या."

"तुमच्या वडिलांशी बोलायला सुरुवात कशी करू?"

"हवेपासून," ती लाजून हसली. "पण चार एकर द्राक्षं आहेत त्यांची. तिथं नुसतं छान चालायचं नाही... आकडे पाठ करून या!"