शिवणीतली पट्टी

"वहिनी, माझ्या पिशवीतली पट्टी चोरीला गेली," म्हातारा पिशवीवाला म्हणाला. "आणि चोरीला गेली नसेल, तर माझं डोकं गेलंय."

सगळा गाव ज्यांना वहिनी म्हणे, त्या शोधाचं काम करणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे मदतनीस म्हणजे त्यांचे धाकटे दीर. भाऊजी मनाने सोन्यासारखे, पण त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटायची.

पंधरा मिनिटांत तिघे दुकानात होते. फळीवर तपकिरी चामड्याची पिशवी पेंगत बसली होती. चार वाजता प्रदर्शनवाले ती न्यायला येणार होते.

"शिवण ताठ राहावी म्हणून दोन चामड्यांच्या मधे कडक पट्टी घालतो मी," म्हातारा म्हणाला. "आधी त्याच चामड्याची एक पिशवी नुसती मापासाठी शिवायची, मग पट्टी घालून पक्की. चाळीस वर्षांची सवय आहे. आज चाचपून बघतो तर पट्टीच नाही. कुणी काढली असेल तर चोर पकडा. मीच घालायची विसरलो असेन, तर आजच दुकान जावयाच्या हवाली करून घरी बसतो."

त्याने पिशवी वहिनींच्या पुढे सरकवली.

वहिनींनी भिंगातून एकेक टाका पाहिला. "उसवून परत शिवलं की भोकं मोठी होतात. इथे एकही मोठं नाही."

"म्हणजे काकाच विसरले," भाऊजी बोलून गेले आणि वहिनींची नजर पाहताच आतल्या खोलीकडे वळले.

जावई आतल्या खोलीत मशीनवर कमरेचे पट्टे शिवत होता. "मशीनवरून आमचा वाद होतो, ते खरं. पण बाबांच्या कामाला मी हात लावत नाही. ते घरी बसले तर मला शिकवणार कोण?"

शेजारचा बूटवाला दारात येऊन म्हणाला, "काल संध्याकाळी हातोडी द्यायला आलो, तेव्हा फळीवर पिशवी ताठ उभी होती. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण म्हाताऱ्याने कमाल केली होती."

तेवढ्यात म्हाताऱ्याची लेक बाजारातून आली. तिने पिशवीतले बटाटे टोपलीत ओतले आणि रिकामी पिशवी बाजूला उभी ठेवली.

"सकाळी तुम्ही आलात का इथे?" वहिनींनी विचारलं.

"आले ना. बाबा आंघोळीला गेले होते. मापाची पिशवी दर वेळी मलाच मिळते, ती उचलली आणि गेले."

वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"पट्टी कुणी काढली नाही, हे भोकं सांगतात. काका विसरले नाहीत, हे बूटवाले सांगतात, कारण काल पिशवी ताठ होती. दोन्ही खरं असेल, तर फळीवरची पिशवी कालची नव्हेच. ती मापाची आहे. आता सांगा, भाजीची रिकामी पिशवी अशी आपल्या पायांवर उभी राहते का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिशवी ताठ उभी होती.

"म्हणजे प्रदर्शनाची पिशवी बटाटे आणायला गेली होती?" भाऊजींची ट्यूब पेटली.

लेकीने जीभ चावली आणि पदराने माती पुसायला घेतली. म्हाताऱ्याने शिवण चिमटीत धरली. पट्टी जागच्या जागी होती. त्याचे डोळे भरून आले.

"दुसरी पिशवी बघायचंसुद्धा सुचलं नाही मला," तो म्हणाला. "लगेच म्हटलं, आपलंच डोकं गेलं."

"भीती बसली की माणूस आधी स्वतःवरच आळ घेतो, काका."

म्हाताऱ्याने नाक पुसलं आणि जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, मशीन बंद करून या. दुकान काही इतक्यात मिळत नाही तुम्हाला. पट्टी कशी घालतात, ते मात्र आजच शिका."

जावई पळतच मशीन बंद करायला गेला.