सहावा सुरुंग

“उजवा-उजवा, डावा-डावा! जमने, काड्या पडून राह्यल्या का गारा?”

किसनकाका पुसदला गेले होते आणि त्यांची बाज धावजीने बळकावली होती. छाती फुगवून, आवाज जाड करून तो काकांची नक्कल करत होता. तांड्याच्या कडेला मोहाच्या सावलीत त्याची चुलतबहीण जमनी आणि गावातला उकंडा सरकीच्या पोत्यांवर काड्या आपटत घामाघूम झाले होते.

किसनकाका म्हणजे पलटणीच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवून निवृत्त झालेले गडी. बासष्टच्या त्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी या तिघांना हाताशी धरलं होतं. पंधरा ऑगस्टला महागावच्या कवायतीत शाळेच्या पथकापुढे ड्रम वाजायचा होता. ड्रम एकच, शिकणारे तीन! आणि काका तो सहजासहजी हातात देत नसत. आधी तोंडाने बोल म्हणायचे, मग पोत्यावर हात बसवायचा. पोत्यावर काडी उसळत नाही, प्रत्येक ठोका मनगटानेच उचलावा लागतो. दोन उजव्याचे, दोन डाव्याचे. आधी गोगलगाईच्या चालीने, मग जलद, आणखी जलद, इतके की ठोके एकमेकांत मिसळून सलग घरघर ऐकू यावी. त्या घरघरीला काका ‘रोल’ म्हणत. जमनीला तो एकदाही जमला नव्हता. वेग वाढला की तिचे हातच घाबरायचे.

तशी जमनी सगळ्यालाच घाबरायची. पालीला, पोलिसाला, शाळेतल्या तपासणीला. तांड्यात तिला सगळे भित्री भागूबाईच म्हणत. पण सगळ्यात जास्त भीती सुरुंगाची! तिचा बाप फुलचंद विहिरी खणायच्या कामावर होता, आणि सुरुंग उडायला लागले की जमनी डोळे मिटून मोजत बसायची. मोजणी पुरी झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा तिचा ठरलेला नेम.

“आता कालचा धडा! फ्लॅम!” धावजीने फर्मावलं. “हंऽऽऽ... चालू!”

आणि त्याच क्षणी, कोणी हातही न लावलेला ड्रम बाजेखालून बोलला.

खर्रर्र!

तिघं जागच्या जागी गार पडली. उकंड्याच्या हातातली काडी गळून पडली.

“क... कोन हाये बे ड्रममधी?” तो पुटपुटला.

“पाह्य ना तू जाऊन,” धावजी बाजेवर पाय वर घेत म्हणाला.

“मी कायले? तू मास्तर हायेस ना!”

जमनी तर केव्हाच मोहाच्या बुंध्याआड गेली होती. पण तिचे कान तिथेच होते. “धावजी,” ती आडोशातूनच म्हणाली, “तू हंऽऽऽ केलं, तवाच वाजला तो. अजून एकदा कर.”

“हंऽऽऽ...”

खर्रर्र!

“तारा हायेत त्या!” जमनी बाहेर आली. ड्रमच्या खालच्या चामड्याला चिकटून बारीक तारा ताणलेल्या असतात, त्यांचीच ती कुरकुर. काम झालं की बाजूची कळ दाबून तारा सैल करायच्या, हे काकांनी दहादा बजावलं होतं. आज ड्रम सांभाळायची पाळी जमनीची, आणि तीच विसरली होती. “जवळ आवाज झाला का तारा वाजतात. भूत नाही न् काही नाही!”

“मले माहीतच होतं,” धावजी पाय खाली सोडत म्हणाला. त्यावर उकंडा इतका हसला की पोत्यावरून घसरला. या हसण्यात कळ दाबायची पुन्हा राहूनच गेली.

दुपारी बापाची भाकर घेऊन जमनी निघाली. ड्रमही गळ्यात घेतला. तांड्यात ठेवला असता तर लहान पोरांनी त्याची चाळण केली असती. सोबत दोघे होतेच. विहीर उकंड्याच्या वडिलांची, भगवानरावांची. तीस फूट खोल गेली होती आणि खाली काळा पाषाण लागला होता.

ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचतात तोच कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायला लागलं. “सुरुंग हाये होऽऽ! सरका, सरका!” माणसं शिडीवरून भराभर वर आली आणि धुऱ्याआड पडली. फुलचंदने पोरांना खाली दाबलं.

“किती भोकं, बा?” जमनीने डोळे मिटत विचारलं.

“सहा. भिऊ नको.”

तिने ड्रम पोटाशी घट्ट धरला. धाड! तारा खरखरल्या. एक. समोरच्या टेकडीने आवाज परत दिला. धाड! दोन. मग तीन, चार. मध्ये थोडं थांबून पाचवा, सगळ्यांत मोठा! जमीन हलली, खडे पळसाच्या पानांवर पावसासारखे पडले.

जमनी सहाव्याची वाट पाहत राहिली. काहीच नाही.

“चला, झालं!” सुरुंगवाला बबनराव अंग झाडत उठला. “धूर बसला का जेवू, न् मंग उतरू. संध्याकाळपावतो फुटक्या दगडाचा मलमा काढला पाह्यजे.”

“काका, पाचच झाले,” जमनीच्या तोंडून निघून गेलं.

बबनराव हसला. “अव पोट्टे, शेवटचे दोन संगंच उडाले! म्हून तं येवढा मोठा आवाज झाला. वीस वर्षं झाले मी बत्ती लावून राह्यलो, मले शिकवतं का?”

बाकीचेही हसले. फुलचंदने तिच्या डोक्यावर टपली मारली. “माही पोरगी सुरुंगाले लय भिते. जा, सावलीत बस.”

ती बसली, पण तिची नजर बापाच्या पहारीवरून हलेना. एक सुरुंग खाली तसाच राहिला असेल आणि बापाची पहार त्यावर पडली तर?

“तुले पक्कं माहीत हाये काय?” उकंड्याने हळूच विचारलं.

“तारा पाचदाच वाजल्या. न् दोन संगं उडाले असते, तं फ्लॅमसारखं ऐकू आलं असतं.”

कालचा धडा तोच तर होता! फ्लॅममध्ये एक काडी चार बोटांवरून पडते, दुसरी खांद्यावरून. धाकटी किंचित आधी, थोरली तिच्या पाठोपाठ. लांबून वाटतं, दोन्ही एकदम पडल्या. पण कान तयार झाला की त्यातला ‘ट्र’ लपत नाही. काका म्हणाले होते, “दोन काड्या ठरवून एकदम पाडा पाहू! पलटणीतले भले भले थकले.”

“थांब, परीक्षा घेतो,” धावजी म्हणाला. जमनी पाठ करून बसली. त्याने एक काडी मारली. “एक,” ती म्हणाली. मग दोन्ही, अगदी जीभ बाहेर काढून, एकदम. “दोन.” उकंड्याने मारून पाहिलं. “दोन.” मग एकच, जोरात. “मोठी, पण एकच!”

धावजीचा चेहरा उतरला. तो आता चेष्टेत नव्हता. “म्हंजे... खाली हाये?”

तिघं धावत बबनरावाकडे गेली. बबनराव तंबाखू मळत होता. त्याने ऐकूनसुद्धा घेतलं नाही. “पळा इथून! का उकंड्या, बापाले सांगू तुह्या, काम अडवून राह्यला म्हून?”

“सांगा! मीच बलावून आनतो त्याहिले!” उकंडा तांबडालाल होऊन गोठ्याकडे धावत सुटला.

पण तेवढ्यात माणसं उठली. पहिला फुलचंद. त्याने पहार खांद्यावर टाकली आणि शिडीवर पाय ठेवला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा.

“बा! नको जाऊ!” जमनी ओरडली. तो नुसता हसला आणि काठाखाली दिसेनासा झाला.

जमनीचं लक्ष त्या पत्र्याच्या डब्याकडे गेलं, आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. तो आवाज ऐकला की खणणारा माणूस विचार करत बसत नाही. आधी पळतो!

तिने काड्या उचलल्या. उजवा-उजवा, डावा-डावा. हात घाबरले होते, तरी थांबले नाहीत. उजवा-उजवा, डावा-डावा, जलद, आणखी जलद, आणि ठोके एकात एक मिसळले. सगळ्या शिवारात घरघर भरून गेली. रोल! तिचा पहिला रोल! धावजीने डबा उचलला आणि काडीने बडवत बोंब ठोकली, “सुरुंग हाये होऽऽ! सरका, सरका!”

विहिरीत एकच गडबड उडाली. माणसं शिडीवर एकमेकांच्या डोक्यावर पाय देत वर आली आणि धुऱ्याआड पालथी पडली. सगळ्यात शेवटी फुलचंद आला. त्याला पाहिल्यावरच जमनीचे हात थांबले.

“कोनी वाजवलं? कोनी?” बबनरावाने येऊन जमनीचा कान पिरगाळला. “खोटी बोंब मारते?”

“खोटी कुठी?” जमनी रडतच म्हणाली. “सुरुंग हायेच ना खाली!”

“सोडा तिचा कान!” भगवानराव धापा टाकत आले. उकंड्याने वाटेत त्यांना सगळं सांगितलं होतं. “इकडं आन तो ड्रम. मले पाहू दे.”

त्यांनी दोन काड्या धरल्या आणि एकदम मारल्या. ‘ट्रप.’ पुन्हा मारल्या. ‘ट्रप.’ तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन मारल्या, तरी तेच. भगवानरावांनी काड्या खाली ठेवल्या.

“बबनराव, हात दोन्ही माहेच, मी ठरवून मारून राह्यलो, तरी संगं पडत नाहीत. मंग तुमच्या दोन वाती काहून संगं जळतीन?”

“पन आवाज केवढा मोठा झाला...”

“मोठा होता, पन एकच होता,” जमनी डोळे पुसत म्हणाली. “टेकडीनं बी एकच वापस देला.”

कोणी हसलं नाही. भगवानरावांनी आणखी बराच वेळ सगळ्यांना धुऱ्याआड बसवून ठेवलं. मग म्हणाले, “आता उतरा. पन एकटे तुमीच. पहार न घेता.”

बबनराव उतरला. वर सगळे कान देऊन उभे होते. खालून एकेक दगड हाताने उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. जमनीने बापाचा हात गच्च धरला.

“कोनी उतरू नका!” खालून आवाज आला, अगदी बारीक. “कोनीच नका उतरू!”

बबनराव वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तो मटकन खाली बसला. “वात अर्धीच जळाली. भोक भरलेलं तसंच हाये, मलम्याखाली. फुलचंद, तू पहार मारनार होता ना, तिथंच.”

फुलचंदने पोरीला जवळ ओढून घट्ट धरलं.

उन्हं कलल्यावर बबनरावाने भोकाला हात न लावता, वर नवी दारू आणि लांबलचक वात लावून बत्ती दिली. किसनकाकाही पुसदहून येऊन धुऱ्याआड बसले होते. या वेळी सगळ्यांनीच डोळे मिटले होते. धाड! तारा खरखरल्या, टेकडीने आवाज परत दिला.

“सहा,” जमनी म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

बबनराव तिच्यापुढे उभा राहिला. “चुकलं माह्यं, पोरी. कान धरायचा होता तं माहाच धरायचा होता.”

“धावजी न् उकंड्याबी होते,” जमनी लाजून म्हणाली.

“तिघंबी वाघ हायेत!” भगवानराव म्हणाले. किसनकाकांनी मिशीवरून हात फिरवला. “रोल वाजवला म्हनते हे? मंग पंधरा ऑगस्टले ड्रम जमनीच्या गळ्यात. भिनाऱ्याचे कान लय तेज असतात, धावजी. तू नक्कल कमी कर न् भिऊन पाह्य जरा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी काम पुन्हा सुरू झालं. फुलचंदने पहार खांद्यावर टाकली, शिडीवर पाय ठेवला आणि थांबला. त्याच्यामागची माणसंही थांबली. सगळ्यांनी धुऱ्यावर बसलेल्या जमनीकडे पाहिलं.

“जमने,” फुलचंदने विचारलं, “उतरू काय?”

जमनीने बोटांवर पुन्हा एकदा मोजलं.

“उतर, बा,” ती म्हणाली.