कमरेजवळचा ठिपका

तृप्तीने ताट चाकांच्या पाटावर ठेवलं आणि लांब काठीने पाट उंबरठ्यापलीकडे ढकलला. खोलीच्या मध्यापर्यंत जाऊन तो थांबला. वांग्याचा रस्सा हिंदकळून भाकरीकडे गेला.

"भाकरी भिजिवलीस बघ," आई आतून म्हणाली.

"मग घरात कुणी काठीनं जेवण वाढलंय का आजवर? शिकतेय अजून."

"आत आणून दे म्हणलं तर तुझं ते कडं बोंबलतंय."

तृप्तीच्या मनगटावरचं करडं कडं खरंच थरथरत होतं. ती पाऊलभर मागे सरकली तेव्हा ते गप्प झालं.

महिन्यापूर्वी तिच्या आईच्या, मालन चौगुले यांच्या, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढली होती. गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रियेत सुटलेल्या बारीकसारीक पेशी मारण्यासाठी परवा त्यांना किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल दिली होती. थायरॉइडच्या पेशींना आयोडीन लागतं. त्या शरीरात कुठेही दडून बसलेल्या असोत, आयोडीन ओढून घेतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. जे आयोडीन कुणी ओढून घेत नाही ते लघवीतून, घामातून, लाळेतून निघून जातं. तोवर मात्र कॅप्सूल घेतलेलं माणूस स्वतःच किरण सोडत राहतं आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याला ते लागतात.

पूर्वी अशा रुग्णांना रुग्णालयात शिसं भरलेल्या दाराआड एकटं ठेवत. आता घरी पाठवत होते, ते 'गस्त'मुळे. गस्त म्हणजे बरगड्यांपासून मांड्यांच्या सांध्यापर्यंत पोटाला वेढणारा मऊ कापडी पट्टा आणि त्याला जोडलेली गळ्याची पट्टी. कापडात तिळाएवढे किरणमापक विणलेले होते. शरीरात आयोडीन कुठे आहे, किती आहे, याचा नकाशा ते सतत काढत आणि रुग्णालयाला पाठवत. नाडी, ताप, पोटात गेलेलं पाणी, हेही मोजत. त्यावरून घरातल्या माणसाने किती लांब राहायचं ते ठरे आणि कड्याला कळे. संडासाखाली शिशाचं अस्तर लावलेली टाकी बसवून दिली होती. किरण ओसरेपर्यंत पाणी तिच्यातच मुरत ठेवायचं, मग गटारात सोडायचं.

इचलकरंजीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आतली खोली आईची झाली आणि बाहेरची तृप्तीची. सूत तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून तिने आठवड्याची रजा काढली होती. स्वयंपाक करायचा, पाट ढकलायचा, टॅबलेटवर आईचा नकाशा बघायचा. निळ्या बाह्याकृतीत गळ्याजवळ पिवळा ठिपका होता. तो असायलाच हवा होता. जबड्याखाली दोन फिके डाग, लाळग्रंथींचे. पोटात आणि मूत्राशयात धुकं, पाणी प्यायलं की विरळ होणारं.

जेवण आटोपत होतं तेवढ्यात रुग्णालयातून डॉ. शिरगुप्पे यांचा फोन आला. तृप्ती टॅबलेट घेऊन गच्चीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"डाव्या खुब्याजवळ एक ठिपका दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "काल संध्याकाळी अगदी पुसट होता. आज ठळक झालाय. तुमच्याकडे दिसतोय का?"

तिने नकाशा मोठा केला. डाव्या कमरेखाली, खुब्याच्या हाडावर, मसुराएवढा केशरी ठिपका होता.

"हे काय आहे?"

"आधी साधी शक्यता बघू. लघवीचा थेंब कपड्याला लागला असेल, काही सांडलं असेल. त्यांना अंघोळ करून सगळे कपडे बदलायला सांगा. जुने कपडे पिशवीत बांधून ठेवू देत."

"आणि बदलूनही राहिला तर?"

"तर तिथे आयोडीन ओढून घेणारं काहीतरी आहे, असं म्हणावं लागेल. थायरॉइडचा कर्करोग कधीकधी हाडात जातो. उपचार आहेत, मॅडम. पण ते मोठे आहेत. पुन्हा कॅप्सूल, जास्त मात्रेची. आणि हाडाला बाहेरून किरण."

"आईला सांगू?"

"आत्ताच नको. आधी कपडे."

तृप्ती आत आली. आई बोटाने ताट पुसत होती.

"आई, अंघोळ कर आणि कपडे बदल."

"सकाळी केली की."

"परत कर. घामातून येतं म्हणे ते. डॉक्टर म्हणाले."

"त्या डॉक्टरला बायको अंघोळ करायला लावत नसंल, म्हणून लोकांच्या आयांच्या मागं लागतंय," असं म्हणत मालनबाई उठल्या. न्हाणीघराचं दार लागलं.

टॅबलेटवरचा केशरी ठिपका विझला.

तृप्ती जागीच भिंतीला टेकली. कपड्यालाच होतं. फोन करावा म्हणून तिने हात पुढे केला. मग विचार केला, आई बाहेर येऊ दे, साडी नेसू दे. आई बाहेर आली. धुतलेली साडी, कोरडं पोलकं, जुने कपडे पिशवीत गाठ मारून कोपऱ्यात. पलंगावर बसून ती केस पुसू लागली. नकाशावर डाव्या कमरेखाली पुन्हा ठिपका उगवला. त्याच जागी.

तृप्तीने फोन केला. डॉक्टर म्हणाले, अंघोळीच्या वेळी पट्ट्यावर पाणी पडत असतं, तेव्हाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. संध्याकाळी रेहाना मुजावर यांना पाठवतो. किरणोत्सारी कचरा न्यायला त्या येणारच होत्या, हातातल्या मापकाने तपासून बघतील. मग उद्या रुग्णालयात आणू.

"म्हणजे आहे," तृप्ती म्हणाली.

"उद्या बोलू," डॉक्टर म्हणाले.

तिने भांडी घासली. घासलेली पातेली परत घासली. आतून आईने विचारलं, "काय म्हणालं ते तुझं डॉक्टर?"

"काही नाही. संध्याकाळी मुजावर येणार आहेत."

"ती पोरगी चांगली हाय. तिला खोबऱ्याची वडी ठेव."

"ठेवते."

"तुझा आवाज का असा?"

"कांदा चिरला."

"भांडी घासताना?"

तृप्तीने नळ मोठा केला. खुब्याचं हाड म्हणजे चालणं. आई रोज तीन जिने उतरून भाजीला जाते. सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर बायकांना शिकवायला अजूनही आठवड्यातून दोनदा जाते, आणि संध्याकाळी त्यांच्या सगळ्या भानगडी पायरीवर बसून सांगते. या सगळ्यातलं काय काय जाईल, याचा तिने हिशोब मांडायला घेतला आणि मध्येच सोडला.

दुपारी आई आडवी झाली. बाहेर कुठल्यातरी शेडमध्ये माग चालू होते, त्यांचा आवाज जमिनीतून पायाला लागत होता. तृप्ती उंबरठ्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून बसली होती. समोर टॅबलेट. ती गळ्याच्या ठिपक्याकडे बघत नव्हती. एवढासा केशरी मसूर, त्याच्याकडेच बघत होती. आई कुशीवर वळली. पलंग करकरला. बांगड्या वाजल्या, साडी खसखसली.

ठिपका सरकला.

आधी तो पुसट झाला, मग पोटावर काही क्षण धूसर ओरखडा दिसला, आणि मग उजव्या कमरेखाली केशरी मसूर स्थिर झाला. डावा खुबा स्वच्छ निळा.

तृप्तीने टॅबलेट हलवून बघितला. मग उठून उंबरठ्याशी गेली. कडं थरथरू लागलं, तिने लक्ष दिलं नाही.

"आई, आत्ता काय केलंस?"

"झोपले हुते."

"त्याआधी. काय सरकवलंस इकडून तिकडं?"

"मी कशाला काय सरकवू?"

"आई, हाडातलं काही असं एका कमरेतून दुसऱ्या कमरेत जात नाही. कमरेला काय आहे?"

मालनबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. "पट्टा हाय. तूच बांधलास."

"पट्ट्यावर काय खोचलंयस?"

"तू मागं हो आधी. ते कडं बघ कसं करतंय."

"दाखव म्हणजे होते."

आईने खिडकीकडे बघितलं, मग पंख्याकडे. मग निऱ्यांशेजारी हात घालून कापडाची एक छोटी चंची काढली आणि तिच्यातून पत्र्याची चपटी डबी. झाकणावर कसल्यातरी मलमाचं नाव होतं, अर्धं घासून गेलेलं.

तृप्तीला वासावरूनच कळलं. मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिच्या लहानपणी सकाळी सकाळी घरभर तो वास असे, डोळे चुरचुरत, ठसका लागे.

"शस्त्रक्रियेच्या आधी सोडलीस ना? माझ्या डोक्यावर हात ठेवलास!"

"सोडलीच हुती. हातबी खरा ठेवला हुता. मग त्या गोळीनं तोंडाला चवच ऱ्हाईना. म्हणलं एकदा बोट लावून बघू."

"एकदा?"

"सकाळी एकदा. जेवल्यावर एकदा. आणि मधी कंटाळा आला म्हंजे."

"आणि अंघोळीला?"

"तवा खिडकीत ठेवली. भिजंल न्हाई तर."

तृप्ती खाली बसली. उंबरठ्यापासून लांब जाऊन बसली, तेवढं भान तिला होतं. बोट डबीत, बोट दातांना, तेच ओलं बोट पुन्हा डबीत. लाळग्रंथी आयोडीन साठवतात आणि लाळेतून सोडतात. दोन दिवस आईने थोडं थोडं करून ते त्या डबीत नेऊन ठेवलं होतं, आणि डबी नेमकी पट्ट्याला चिकटवून खोचली होती. किरण पोटातून येतात, हे पट्टा करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. बाहेरून कुणी पट्ट्यावर काही आणून ठेवील, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आत खोल असलेला मोठा दिवा आणि पट्ट्याला टेकलेली ठिणगी, मापकाला दोन्ही सारखीच.

तिला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग खांदे हलू लागले, मग आवाज फुटला. ओढणी तोंडात कोंबली तरी ते थांबेना.

"हसतीयास का रडतीयास?" आई म्हणाली. "एवढ्याशा मिश्रीला?"

तृप्तीने डॉक्टरांना फोन करून डबीचं सांगितलं. संध्याकाळी रेहाना मुजावर आल्या. तिशीतली बाई, अंगावर जाड एप्रन, मागे चाकांची शिशाची पेटी. हातातला मापक त्यांनी मालनबाईंच्या दोन्ही खुब्यांवरून सावकाश फिरवला. मग डबीवरून. डबीवर तो कटकटकट करू लागला.

"खुबे स्वच्छ आहेत," त्या तृप्तीकडे वळून म्हणाल्या. "अगदी स्वच्छ. गळ्यात जेवढं हवं तेवढंच आहे."

"नक्की?"

"तुम्ही म्हणाल तितक्यांदा फिरवते."

"एकदा फिरवा," तृप्ती म्हणाली.

रेहाना यांनी पुन्हा फिरवला. मग लांब चिमट्याने डबी उचलून पेटीतल्या जाड बरणीत सोडली, चंचीही सोडली, झाकण फिरवलं, त्यावर पिवळी चिठ्ठी लावली.

"मावशी, माझ्या नोकरीत सुया आल्या, चादरी आल्या, एकदा कवळी आली. मिश्री पहिल्यांदा."

"परत कधी मिळंल?"

"डबी? या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे दर आठ दिवसांनी त्याचा जोर निम्मा होतो. तीनेक महिन्यांत काही उरणार नाही. मग देऊ."

"मिश्रीसकट?"

"आई!"

"विचारायला काय जातंय? भाजलेली हाय ती, वाया कशाला घालवायची."

रेहाना एप्रनमध्ये हसल्या. जाताना वड्यांची पुडी घेतली आणि दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबांनी एक निरोप दिलाय. पट्टेवाले आता बाहेरच्या बाजूलाही मापकांचा थर देणार आहेत, तुमच्या डबीमुळे. आणि साहेब म्हणतात, उपचार संपल्यावरही मावशींनी पट्टा काढू नये. नवा पट्टा बिनआयोडीनचाही रक्तातल्या खुणा वाचतो. पुढे कधी काही उगवलं तर त्याच दिवशी कळेल. उद्या सकाळी हो किंवा नाही सांगा."

त्या गेल्या. तृप्तीने चहा टाकला, आईचा पेला पाटावरून ढकलला आणि आपला घेऊन आपल्या भिंतीशी बसली. मग सगळं सांगितलं. डॉक्टरांचा पहिला फोन, हाड, मोठे उपचार.

आई ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"म्हंजे दुपारभर तुला वाटत हुतं, मी गेले."

"गेली नाही. पण..."

"आणि भांडी घासत बसलीस एकटी."

"मग काय करणार होते?"

"मला सांगायचं. डबी तवाच निघाली असती." आईने सायीवर फुंकर मारली. "मीबी आधी काढायला पायजे हुती म्हणा. पट्टा ठेवायचा का?"

"ठेवायचा," तृप्ती लगेच म्हणाली. "पप्पांच्या वेळी काही नव्हतं आपल्याकडे. त्यांचा कर्करोग कळला तेव्हा सगळीकडे पसरला होता. तेव्हाचे डॉक्टर म्हणालेच ना, कळायच्या आधी वर्षभर तरी आत असणार. वर्षभर, आई. आणि आपल्याला पत्ता नाही."

"व्हय." आईने पेला खाली ठेवला. बाहेर मागांची पाळी बदलली असावी, आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "तेच वर्ष मला आठवतंय. त्यांनी माग विकला, म्हणाले आता बास. आपण नरसोबाच्या वाडीला तीनदा गेलो. नदीत पाय सोडून बसायचे ते. तुला सायकलवरनं कॉलेजात सोडायला यायचे, एवढी घोडी झालेलीस तरी."

"मला लाज वाटायची."

"वाटायची. पण मागनं बसायचीस."

तृप्तीला पप्पांची पाठ आठवली, घामाने चिकटलेला शर्ट, चढावर उभं राहून मारलेली पायडलं. त्या पाठीच्या आत तेव्हा ते होतं. आणि ती दोघं चढावर हसत होती.

"पट्टा असता तर ते अजून असते का, कुणास ठावं," आई म्हणाली. "असतेबी. म्हणून मी नको म्हणत न्हाई. बांध तू. पण मला एक सांग, तृपे. आजची दुपार माझ्या हाडात काय बी नव्हतं, तरी ती तू मेल्यागत काढलीस. आणि त्यांच्या अंगात सगळं हुतं, तरी ते वर्ष आपण कसलं झकास काढलं. मग ह्यातली आजारी कुठली म्हणायची गं, ही दुपार का ते वर्ष?"