सबक संपेपर्यंत

गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा लाइनमन सोमाजी ब्रह्मपुरीबाहेर विजेच्या खांबावर होता. खाली उतरून त्याने फोन घेतला. जंगलातल्या दर्ग्याचे हमीदबाबा बोलत होते. उर्वशी वाचता वाचता बसल्या जागी गेली होती.

उर्वशी त्याची बायको. कॉलेजात इतिहास शिकवायची. इस्लामी तत्त्वज्ञान आणि सूफी विचार कसा घडत गेला, त्याचा अभ्यास तिने पन्नाशीत सुरू केला. हमीदबाबांना फारसी येई. दर गुरुवारी ते तिच्याकडून जुने ग्रंथ वाचून घेत. शेवटी विषय चालला होता 'फना', म्हणजे स्वतःचं विरून जाणं.

"तू विरून गेल्यावर मले चहा कोण देईन?" सोमाजी चिडवायचा.

"त्याच्यापुढे 'बका' आहे. उरणं. तो धडा व्हायचाच आहे अजून," ती हसून म्हणायची.

तेरवीनंतर तो तिचं सामान आणायला गेला. दर्ग्याच्या पायरीवर तिच्या चपला तशाच होत्या, टोकं आत वळलेली.

"राहू द्या भाऊ," बाबा म्हणाले. "सबक चालू हाय तोवर शागिर्दाच्या चपलांचं तोंड आत. सबक संपला का तो सोता फिरवते. दुसऱ्यानं हात लावत नाई."

"बाबा, मी जाळून आलो तिले."

"हां. पण सबक नाई झाला."

सोमाजीने चपला पिशवीत टाकल्या. घरी आणून लोखंडी कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं.

पुढच्या गुरुवारी शेजारची मनकर्णा बाहेरून ओरडली, "काऊन हो भाऊ, मॅडमच्या चपला दारात मांडल्या? लेकरं भेतीन न!"

चपला उंबऱ्याशी होत्या. टोकं घरात. तळव्यांना लाल मुरूम लागला होता. घराभोवती सगळी काळी माती. मुरूम दर्ग्याच्या टेकडीवरचा. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. फ्यूज तपासावा तसं त्याने ते तपासलं. किल्ली त्याच्या करदोट्यालाच होती.

तो परत कुलपात ठेवायचा, पण दर गुरुवारी तेच. टाचा झिजत चालल्या.

तो बाबांकडे गेला. "मी का करू आता?"

"तुम्ही उचलल्या, तुम्हीच फिरवा," बाबा म्हणाले. "पण फिरवल्या का ती निघाली समजा."

त्या गुरुवारी त्याने सुट्टी टाकली. बाहेर जाऊन आला, उंबऱ्याशी आपल्या चपला काढल्या आणि पुढच्या खोलीत बसला.

पंखा बंद होता. लोबानाचा वास आला.

समोरच्या तिच्या खुर्चीची वेताची बैठक हळूच दबली.

तो उठून दाराशी गेला. तिच्या चपला आल्या होत्या. वाकून त्याने हात लावला. आतून गरम होत्या, नुकत्याच काढल्यासारख्या.

शेजारी त्याच्या चपला. सवयीप्रमाणे त्याने त्या बाहेर तोंड करून काढल्या होत्या.

आता त्यांचं तोंड आत होतं.

सोमाजी परत येऊन खुर्चीसमोर बसला.

दोन्ही जोड फिरवायचे राहिले आहेत.