कोपऱ्यातली जागा

सत्यशीलेच्या रक्ताची नळी पिशवीत घेऊन मी सकाळी बदनापूरहून जालन्याला निघालो. सत्यशीला माझी बायको; तिला बरेच दिवस बारीक ताप येत होता आणि डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाची शंका काढली होती. प्रयोगशाळा माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, परमेश्वरची. पॅथॉलॉजी मी आयुष्यभर शिकवली. तरी हे सांगताना माझाच माझ्यावर भरवसा नाही.

परमेश्वरकडे नळ्या उचलायला रोबोटचा हात आहे. त्याला शिकवलं तिथल्या जुन्या तंत्रज्ञ मालनबाईंनी; त्याला धरून एकेक हालचाल गिरवून घेतली. उन्हाळ्यात त्या वारल्या. रक्ताचा रंग पाहून शंका आली की त्या ती नळी स्टँडच्या कोपऱ्यात ठेवत, म्हणजे नातेवाइकांना जवळ बसवून सांगता येई. ते काही त्यांनी रोबोटला शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कसं? त्याला रंग दिसत नाही, तो फक्त बारकोड वाचतो.

आमची नळी त्याने उचलली, हळूच कलती केली आणि थांबला. स्पिरिटचा वास, मोटरची बारीक घरघर... मग त्याने ती कोपऱ्यात नेऊन ठेवली.

परमेश्वरने ती परत रांगेत लावली. ती पुन्हा कोपऱ्यात गेली.

"प्रोग्राममधी हे न्हाई, सर," तो हळू आवाजात म्हणाला. "पन अशा ठेवलेल्या समद्या... वाईटच निघाल्या. मालनबाई गेल्या, ड्यूटी न्हाई सुटली त्यायची."

मी म्हटलं, रोबोट राहू दे, आपण हाताने तपासू. रक्ताचा थेंब पसरलेली काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यानेही पाहिली. रक्त चांगलं होतं. घरी सांगितल्यावर सत्यशीला रडली, मग तिने शिरा केला. पुढे गोळ्यांनी तापही उतरला.

आज परमेश्वरचा फोन आला. रोबोट रोज सकाळी रिकाम्या रांगेतून काहीतरी उचलतो, कलतं करतो, कोपऱ्यात ठेवतो. तिथे काहीच नसतं. पडद्यावर मात्र नळी आल्याची खूण उमटते, आणि नाव...

"काकूंचं हाय, सर. काकू बऱ्या हायेत ना?"

"एकदम बरी," मी म्हणालो.

त्या काचेवर मी नेमकं काय पाहिलं होतं, ते मला आता आठवत नाही. स्वयंपाकघरात बांगड्या वाजताहेत. बराच वेळ झाला, एकाच लयीत. नुसती हाक मारायची आहे... पण ओ आली नाही तर?