दोन रंगांची केबल

दुपारी दीड वाजता आरोग्य खात्यातून फोन आला.

"ज्या सिरपने अकरा मुलं दवाखान्यात पोचली, त्याचा लॅबमधला रिपोर्ट मंगळवारी सकाळी 'नापास' होता. अकरा चाळीसला तो 'पास' झाला. ज्या बाईंनी नापास केला, त्यांच्याच कॉम्प्युटरवरून. पाच वाजता पोलीस त्यांना न्यायला जाणार. त्याआधी एकदा तुमची नजर फिरवा."

खात्यात तिला सगळे 'जाळेवाली' म्हणत. कॉम्प्युटरची जाळी तपासणं हा तिचा पेशा होता आणि हातात आलेला धागा न सोडणं हा स्वभाव. दोनच्या ठोक्याला ती लॅबच्या दारात उभी होती.

लॅब एका घरची. थोरल्या भावाने काढलेली. तो वर्षापूर्वी गेला. आता एका टोकाला ऑफिस, तिथे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळा, तिथे थोरल्याची बायको, रसायनतज्ज्ञ. मध्ये वीस पावलांचा व्हरांडा. दोन्ही टोकांची तोंडं एकमेकांकडे होती, पण बोलणं कधीचंच आटलं होतं.

"उशीर केलात," धाकटा दारातच म्हणाला. "माणूस सापडलाय."

"सापडलाय की धरलाय?"

"शब्दांचे खेळ मला नकोत. वहिनींच्या कॉम्प्युटरचा पत्ता सर्व्हरच्या नोंदीत आहे. सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे सगळं."

"मग तुम्ही घाम का पुसताय?"

त्याने रुमाल खिशात कोंबला आणि वाट सोडली.

प्रयोगशाळेत थोरली ॲप्रन घालून ताठ बसली होती. डोळे कोरडे, ओठ घट्ट.

"मंगळवारी अकरा चाळीसला कुठे होतात?" जाळेवालीने विचारलं.

"खाली गोदामात. बाटल्यांचं खोकं फुटलं होतं. भावजी माझ्यावर तोंडसुख घेत होते."

"आणि कॉम्प्युटर?"

"बंद. मी खाली निघाले तेव्हा धाकट्या जाऊबाई आल्या. म्हणाल्या, वीज खाली-वर होतेय, जळेल, बंद करून जा."

"बंद कॉम्प्युटर रिपोर्ट बदलतो होय?" मागून धाकटा गरजला. "ओरडलो असेन पाच मिनिटं. वेळबीळ मला आठवत नाही."

"भावजी, तुम्हाला चांगलं आठवतंय."

"मला माझ्या भावाचं नाव मातीत घालणारी बाई तेवढी आठवतेय."

तेवढ्यात जाऊ पाण्याचा ग्लास घेऊन आली. आवाज साखरेत घोळलेला. "तुम्ही ताईंवर फार कडक होऊ नका हं. दादा गेल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नसतं. हातून होतं काहीतरी."

थोरलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रिपोर्ट बदलायला पासवर्ड लागतो?" जाळेवालीने पुढे विचारलं.

"माझ्या कॉम्प्युटरला नाही. हातात मोजे असतात, सारखं टाइप कुठे करणार? सर्व्हर पत्ता बघतो आणि आत घेतो. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

"सिरप कुणाच्या कारखान्याचं?"

थोरली म्हणाली, "भावजींच्या सासुरवाडीचं."

"म्हणजे आता मी होय?" धाकटा उसळला. "बघा, कशी उलटते ती!"

जाळेवाली खोलीभर फिरली. ओव्हनला जोडलेलं यंत्र आठवडाभराचं तापमान कागदावर रेघेने काढत होतं. वीज गेली की रेघ तुटते, दाब घसरला की वाकते. मंगळवारची रेघ फूटपट्टीने ओढावी तशी सरळ होती.

कोपऱ्यातल्या सर्व्हरपासून निघालेली करडी केबल भिंतीवरून चढून खोट्या छतात शिरत होती. जाळेवाली व्हरांड्यातून ऑफिसात गेली. तिथे छतातून उतरणारी केबल निळी होती.

तिने आपला लॅपटॉप ऑफिसच्या जाळ्यात जोडला आणि सर्व्हरपर्यंतची वाट विचारली. उत्तर आलं: वाटेत कुणी नाही. थेट रस्ता.

"लॅपटॉप म्हणतो, वाटेत कुणी नाही. मग करडी केबल निळी कुठे झाली? एक शिडी आणा," ती म्हणाली.

व्हरांड्याच्या मधोमध छताची फळी सरकवली आणि धूळ अंगावर आली. आत पाटीएवढा एक काळा डबा होता. एका बाजूने करडी केबल आत, दुसऱ्या बाजूने निळी बाहेर. दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर पेनाने लिहिलं होतं: 'एक – लॅब, दोन – ऑफिस.'

थोरली शिडीखाली आली आणि थबकली. "हे यांचं अक्षर आहे."

"हा काय प्रकार?" धाकट्याने विचारलं.

"फायरवॉल. जाळ्याचा पहारेकरी."

"पण मध्ये कुणी नाही असं तुमचाच लॅपटॉप म्हणाला ना?"

"एरवीची फायरवॉल नाक्यावरच्या शिपायासारखी असते. तिला स्वतःचा पत्ता असतो, तिच्यापाशी थांबून पुढे जावं लागतं, म्हणून ती दिसते. ही पुलासारखी बसवली आहे. या वाटेवर हिला पत्ताच नाही. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांना वाटतं, आपण एकाच तारेवर आहोत. पण प्रत्येक संदेश हिच्या पोटातून जातो. ती तो उघडून बघते, नियमाशी ताडते, सोडते किंवा गिळते. आणि टिपून ठेवते."

जाऊच्या हातातला ग्लास रिकामा होता. तरी तिने तो ओठांना लावला.

डब्याशी बोलायची एकच सोय होती. मागच्या तोंडात वेगळी तार थेट खुपसायची. पण पासवर्ड हवा होता. थोरली हळूच म्हणाली, "हे सगळीकडे एकच ठेवायचे. माझं माहेरचं नाव."

डबा उघडला. जाळेवाली तासभर नोंदी वाचत बसली. साडेचारला तिने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. तिथे दोनच टेबलं, दोनच कॉम्प्युटर. एक धाकट्याचा, एक त्याच्या बायकोचा.

"अकरा चाळीसला रिपोर्ट बदलणारा संदेश सर्व्हरकडे गेला," तिने सुरुवात केली. "त्यावर पत्ता थोरल्या बाईंच्या कॉम्प्युटरचा होता."

"मी काय सांगत होतो?" धाकटा म्हणाला.

"पुरतं ऐका. त्यांचा कॉम्प्युटर आणि सर्व्हर दोघेही लॅबमध्ये, डब्याच्या एकाच बाजूला. त्यांचं आपसातलं बोलणं डब्यापर्यंत यायचं कारणच नाही. हा संदेश मात्र डब्यातून गेला. आणि आत शिरला दोन नंबरच्या तोंडातून. ऑफिसच्या."

तिने छतातून उतरणाऱ्या निळ्या केबलकडे बोट केलं.

"पत्ता म्हणजे अंगरखा. एकाचा उतरवून दुसऱ्याला घालणं दोन मिनिटांचं काम. इथल्या एका कॉम्प्युटरने त्यांचा अंगरखा घातला."

"मग पहारेकऱ्याने अडवलं का नाही?" थोरलीने विचारलं.

"नियम पत्त्यावर लिहिला होता. ऑफिसातून रिपोर्ट वाचता येईल, पण बदलता येईल फक्त तुमच्या पत्त्यावरून. त्याने अंगरखा ओळखला, तोंड नाही. तेवढी चूक तुमच्या यजमानांची. पण कोणत्या दारातून आला, हे त्याने लिहून ठेवलं. चोराला वाटलं, सगळी एकच तार, कुठून आलं कुणाला कळणार?"

तिने दोन्ही टेबलांकडे पाहिलं. "आता एकच अडचण. एका पत्त्याचे दोन कॉम्प्युटर एकाच वेळी चालू राहिले, तर दोघेही अडखळतात. म्हणून थोरल्या बाईंचा बंद असायलाच हवा होता. तो बंद करायला कुणी सांगितलं?"

"वीज खरंच खाली-वर होत होती," जाऊ घाईने म्हणाली. "यांनीच मला सांगायला पाठवलं."

धाकट्याची मान झटक्यात वळली. "मी?"

"ओव्हनची मंगळवारची रेघ सरळ आहे," जाळेवाली म्हणाली. "वीज कुठेही हलली नव्हती. तेव्हा साहेब, हे काम या दोन टेबलांपैकी एकाचं. वहिनी त्या वेळी तुमच्यासमोर होत्या हे सांगायला तुम्ही नकार दिलात, त्याबरोबर स्वतःचीही साक्ष घालवलीत. कारखाना तुमच्या सासुरवाडीचा. पाच मिनिटं ओरडून वर आलात आणि रिपोर्ट बदललात, असं मी लिहू?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पोलीस.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग तो जाळेवालीकडे वळला.

"पाच मिनिटं नव्हती. अकरा वीस ते बारा. वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या. सगळा वेळ."

"गप्प बसा!" जाऊ किंचाळली. आवाजातली साखर पार विरघळली होती. "तुमच्या तोंडाला कुलूप नाही लागत? माझ्या भावाचा कारखाना बंद पडला असता! आणि हिला काय, एक शिक्का मारला की संपलं. लॅबही तिची, मानही तिचा, मी आयुष्यभर हिची पत्रं टाइप करायची!"

"सिरपमध्ये विष होतं," थोरली म्हणाली. "मी तीनदा तपासलं होतं."

"तुझं तपासणं! थोडंफार सगळ्यांच्यात असतं, भाऊ म्हणाला होता."

"अकरा मुलं, जाऊबाई."

जाऊने तोंड फिरवलं. पोलिसांनी तिच्या दंडाला धरलं तेव्हाही ती शिव्याच देत होती, भावाला नव्हे, नवऱ्याला.

दार लागलं. धाकटा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी तुम्हाला जेलात जाऊ देणार होतो. माफ करा."

थोरली ॲप्रनची गाठ आवळत होती.

"माफी मी देणार नाही, भावजी. दवाखान्यात अकरा आया बसल्यात, आधी तिकडे जा. एकटे जा, आणि त्या काय बोलतील ते खाली मान घालून ऐका." ती लॅबकडे वळली. "त्या कारखान्याचे आणखी दोन नमुने माझ्या कपाटात पडलेत. ते आजच तपासायचेत."